खिचडीच्या पातेल्यावर वाचन

माणूस मेल्यावर लोक तेरा दिवस येतात, चहा पितात, रडतात, आणि चौदाव्या दिवशी ज्याच्या त्याच्या कापसाला जातात. त्यांचं बरोबरच आहे. कापूस कुणासाठी थांबत नाही. माझी बायको पोळ्याच्या पुढं गेली, आणि दसऱ्यापर्यंत घरी येणारा माणूस म्हणजे एक मीटरवाला, तोही बाहेरूनच बघून गेला.

सकाळ कशीतरी जाते. म्हैस आहे, शेण आहे, दूध आहे. संध्याकाळी पोरगा आणि सून रानातून येतात. अडचण दुपारची. दुपारी घरात मी आणि तिची खाट. खाटेकडं बघितलं तर वाईट वाटतं, नाही बघितलं तर जास्त वाईट वाटतं. मग मी शाळेशेजारच्या मारुतीच्या पारावर जाऊन बसायला लागलो.

मी भजनातला ढोलकीवाला. शाळा दुसरीपर्यंत, पण हात चांगला. बायकोला मात्र माझं घरातलं वाजवणं बिलकुल सोसत नसे. म्हणायची, "तुमचं सुरू झालं की म्हैस पान्हा चोरते. जा तिकडं देवळात, देवाला दूध काढायचं न्हाई." ती गेली आणि त्या ढोलकीवर दुसरं माणूस येऊन बसलं. तिची थोरली बहीण. आक्का. दोघी बहिणी याच गावात दिलेल्या, भावकी मात्र वेगळी. आक्कांनी तेराव्याला ढोलकी गोधडीत गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि मला सांगितलं, "पाव्हणं, वर्ष सरंस्तोवर हात लावायचा न्हाई. भजनात बसायचं न्हाई. लोकं म्हणतील, बायको गेली अन ह्यो वाजवायलाय."

मी मान हलवली. आमच्याकडं तशीच चाल आहे. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, वाजवणं नाही. आणि आक्कांपुढं मान हलवली नाही तर त्या दुसऱ्यांदा सांगतात, ते पहिल्यापेक्षा मोठं असतं.

तर पारावर बसलो होतो. शाळेची खिडकी पाराकडंच आहे. आत पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र, आणि पोरं वाचायलेली. वाचणं कसलं ते! चिखलातून बैलगाडी ओढल्यागत. "रा-ऽ-ऽम... आं-ऽ-ऽबा... खा-ऽ-ऽतो..." तो आंबा रामाच्या तोंडात जाईस्तोवर सडून गेला असता. मला राहवेना. माझी बोटं आपोआप पाराच्या फरशीवर पडायला लागली. धिन धिन ता, धिन धिन ता. मला ध्यानातही नव्हतं. पण थोड्या वेळात आतला सूर बदलला. राम आंबा खातो, राम आंबा खातो. बैलगाडी चिखलातून निघाली आणि डांबरी रोडला लागली.

मी घाबरून बोटं उचलली. तर पुन्हा चिखल.

खिडकीत एक वेणी दिसली. दुसरीतली पोरगी, पुढचे दोन दात गेलेली. "आबा, थांबलात कामून? वाजवा की!"

तिच्या मागून मॅडम आल्या. जिंतूरकडच्या, तरुण, रोज परभणीवरून स्कूटीवर येतात आणि धुळीनं पांढऱ्या होऊन उतरतात. मला वाटलं आता शिव्या बसणार. मॅडम म्हणाल्या, "आबा, आत या. बाहेर बसून वाजवलं तर पोरं सगळी खिडकीकडं बघतात."

"मॅडम, मला वाजवायला बंदी हाय."

"मग आत्ता काय करत होतात?"

"हा पार हाय. पार म्हंजे काय वाद्य न्हाई."

मॅडमनी एकदा पाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाल्या, "आमच्याकडं पण वाद्य एकही नाही. या."

असा मी आयुष्यात दुसऱ्यांदा दुसरीच्या वर्गात गेलो.

आता वाद्य नसलेलं वाजवायचं म्हणजे काय वाजवायचं, यावर आमचे दोन-तीन दिवस गेले, आणि एवढी मजा मला लग्नातसुद्धा आली नव्हती. आधी लोखंडी कपाट वाजवलं. ते ढगासारखं गडगडलं आणि पहिलीतलं एक पोरगं उठून थेट घरी पळालं. त्याच्या आईनं त्याला परत आणलं आणि मला म्हणाली, "म्हाताऱ्याला काही कामधंदा हाय का न्हाई?" मग पाण्याची टाकी वाजवली. ती भरलेली असली की मुकी, रिकामी असली की बरी, पण रिकामी ठेवली तर पोरं पाणी काय पिणार? खुर्ची वाजवली, तिचा पाय निघाला. शेवटी व्हरांड्यात खिचडीचं पातेलं पालथं पडलेलं दिसलं. मोठं, जाड, बुडाला काळं. मी नुसती टिचकी मारली. अहाहा! मध्ये मारलं तर घुमायचं, काठावर मारलं तर खणकायचं. त्यात धूम होती, त्यात चाट होती, काय नव्हतं? मी जमिनीवर बसकण मारली आणि असा एक तुकडा वाजवला की सगळी पोरं नाचायलाच लागली.

खिचडी करणाऱ्या मावशी पळत आल्या. "आबा, माझं पातेलं चेपलं तर तुमच्या टकलावर खिचडी शिजवीन!"

"शिजव. माझ्या टकलाला बी तेवढाच उपयोग होईल."

मॅडमनी तडजोड केली. खिचडी वाटून झाली, पातेलं घासून झालं, की ते माझं. शाळा सुटताना पुन्हा मावशींचं.

मॅडमची हिकमत साधी होती. एका ठेक्याला एक शब्द. ज्याला शब्द आला नाही त्यानं थांबायचं नाही, रडायचं नाही, पुढच्या ठेक्याला चढायचं. "एसटी सुटली तर फाट्यावर रडत बसता का?" मॅडम विचारायच्या. "न्हाई!" पोरं ओरडायची. "मग काय करता?" "पुढची पकडतो!" मॅडम हे सगळं मोबाईलमध्ये भरून घ्यायच्या, आणि एका छोट्या डबीएवढ्या स्पीकरवर पोरांना ऐकवायच्या. त्या स्पीकरला वायर नाही, काही नाही, हवेतूनच त्याला आवाज जातो. पोरं आपापला आवाज ऐकून लोळायची. "हा मी! हा मी!" "तू न्हाईस, ती शेळी हाय." आणि गंमत म्हणजे, आपलं चुकलेलं ऐकून पुढच्या वेळी बरोबर वाचायची. मास्तरनं सांगितलेलं पोराला पटत नाही, स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं पटतं.

शेळी म्हणजे पोरांनीच रचलेली गोष्ट. पुस्तकातला धडा संपला, तर मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, मी फळ्यावर लिहिते. एकेकानं एकेक ओळ सांगितली. तिच्यावरून भांडणं झाली, एकाचं बटण तुटलं, पण गोष्ट झाली:

शेळी गेली फाट्यावर.
शेळी बसली एसटीवर.
कंडक्टर म्हणला, तिकीट दाखव.
शेळी म्हणली, खाल्लं की राव!
कंडक्टर म्हणला, उतर खाली.
शेळी म्हणली, परभणी आली!

मी एवढा हसलो की मला ठसका लागला. मावशींनी पाठीत बुक्का मारला तेव्हा श्वास आला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मी हसलो होतो, आणि हसून झाल्यावर मला कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मी खिडकीकडं बघितलं.

कारण चोरी तर होतीच. आक्का दिवसभर कापसात. त्या संध्याकाळी येऊन विचारायच्या, "दुपारी काय केलं?" "पारावर बसलो." "बरं." एवढ्यावर भागायचं. पण मॅडमनी ठरवलं होतं की सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं ही शेळी सगळ्या गावाला वाचून दाखवायची. गाव म्हणजे आक्का पण. मला रोज वाटायचं, आता मॅडमला सांगावं की मी येत नाही. आणि रोज दुपारी पाय आपले शाळेकडं. ते पातेलं हातातून गेलं असतं तर मी पुन्हा त्या खाटेपुढं जाऊन बसलो असतो. दुसरीकडं जायला मला जागाच नव्हती. हे मी कुणाला बोललो नाही. बोलायचं तरी कुणाला? म्हशीला?

मग एक दिवस ते झालंच.

आमच्या शाळेची आणि मारुतीच्या देवळाची भिंत एकच. देवळावर भोंगा आहे, चार तोंडांचा, शिवारापर्यंत आवाज जाणारा. त्याचं मशीन गावानं नवं घेतलंय, तेही बिनवायरीचं. सप्ताहाच्या वेळी पुजाऱ्याचा मोबाईल पाण्यात पडला, तेव्हा मॅडमनी आपल्या मोबाईलवरून आरत्या लावून दिल्या होत्या. तेव्हापासून मॅडमचा मोबाईल आणि देवळाचं मशीन यांची ओळख. आणि मोबाईलला एकदा ओळख झाली की तो माणसासारखा विसरत नाही. त्या दिवशी पुजारी सकाळची आरती करून मशीन तसंच चालू ठेवून, कुलूप लावून, परभणीला लग्नाला गेला.

आमचं वाचन झालं. मॅडमनी भरून घेतलं. "चला, ऐकू या," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

स्पीकर गप्प. मॅडमनी आवाज वाढवला. गप्प. पूर्ण वाढवला.

आणि आवाज आभाळातून यायला लागला.

पहिल्यांदा शेळी नाहीच. पहिल्यांदा मी. मला काय माहीत, वाचनाच्या आधीपासूनच भरणं चालू होतं. त्या दोन दात गेलेल्या पोरीनं मला विचारलं होतं, ते गावावर घुमलं: "आबा, आक्काआजी रागावत्याल ना तुमाला?"

आणि मग माझा आवाज, चार तोंडांतून, चारी दिशांना: "आक्का? आक्का म्हंजे गावच्या हवालदार! पर त्यांना कळतंय कशाला? त्या कापसात हायत. कापसात काय ऐकू येतंय? अन वाद्याला कातडं लागतंय. पातेल्याला कातडं हाय का? न्हाई. मग ते वाद्य न्हाई. खामखा घाबरू नको, हाण!"

मग धिन धिन ता आणि शेळी.

"मॅडम, बंद करा!" मी ओरडलो. मॅडम मोबाईलवर बोटं आपटायलेल्या. "हँग झालाय आबा!" पोरं खिडकीतून भोंग्याकडं बघत टाळ्या पिटायलेली. शेळी परभणीला पोचली, आणि मला वाटलं सुटलो, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. "आक्का? आक्का म्हंजे गावच्या हवालदार!" पहिलीतलं एक कार्टं माझ्या आवाजाबरोबर हातवारे करायलं होतं. मला घाम फुटला होता, आणि खरं सांगतो, पोटातून हसूही फुटायलं होतं. दोन्ही एकदम. तिसऱ्यांदा सुरू होता होता मॅडमनी मोबाईलचं मागचं झाकण काढायला घेतलं, ते निघेना, शेवटी तो आपोआपच विझला.

तेवढ्यात पारावर चार माणसं जमलेली. त्यांच्यात वादावादी. एक जण म्हणतोय, "आबाचं बरोबर हाय, पातेलं वाद्य न्हाई." दुसरा म्हणतोय, "मग टाळाला कुठं कातडं असतंय? टाळ वाद्य न्हाई का?" मी खिडकीतून ते ऐकलं आणि माझी वकिली तिथंच संपली.

आणि मग आक्का आल्या.

कमरेला कापूस वेचायची ओटी तशीच, अर्धी भरलेली. केसांत कापूस. चपला हातात, कारण चपला घालून त्यांना पळता येत नाही. दारात उभ्या राहिल्या आणि दम घेतला. पोरं एका क्षणात मांड्या घालून बसली.

"पाव्हणं, बाहेर या."

"आक्का, वर्ग चालू हाय."

"बरं. मग मीच आत येते."

आल्या. पातेल्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. "माझ्या बहिणीचं वर्ष सरलं न्हाई अन तुमी भांडी बडवायलात?"

मॅडम मध्ये आल्या. "आक्का, चूक माझी आहे. मीच त्यांना—"

"तू गप बस माय. तू लेकरू हायस." आक्का पुन्हा माझ्याकडं वळल्या. "मला कापसात ऐकू येत न्हाई व्हय? सगळ्या बायका हसायल्यात. म्हणायल्यात, हवालदार, तुमचा चोर सापडला."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी गप्प बसणारा माणूस नाही. "आक्का, दुपारी घरी बसून मी काय करू? तिच्या खाटंकडं बघत बसू? तुमी या एकदा अन बसून दाखवा."

बाहेरचा वादसुद्धा थांबला.

आक्कांचा चेहरा हलला नाही. पण आवाज उतरला. "तुमाला वर्ष मिळालंय पाव्हणं. वर्षभर लोकं म्हणत्याल, ह्याचं माणूस गेलंय. मी दिल्या घरची. मला तीनच दिवस सुतक. चौथ्या दिशी मला सासरच्यांनी पुरण घालायला बसवलं. माझी पाठची बहीण. तीन दिसात काय होतंय?"

मावशी दारात पळी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

ती दोन दात गेलेली पोरगी उठली. "आक्काआजी, आबाला नेऊ नका. सव्वीस जानेवारी हाय."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं. "काय वाचायलात गं तुमी? वाच बघू."

पोरांनी फळ्याकडं बघून वाचायला घेतलं. पण पातेलं गप्प होतं, आणि पोरं घाबरलेली. पुन्हा चिखल. "शे-ऽ-ळी... गे-ऽ-ली..." आक्का कपाळाला आठ्या घालून ऐकायला लागल्या. तिकिटापर्यंत आली तेव्हा आक्कांनी हात वर केला.

"थांबा. कंडक्टर पुरं तिकीट कामून मागायलाय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"शेळी हाय ना ती? बोकड न्हाई ना? मग अर्धं तिकीट! बायांना अर्धं हाय."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग मावशी फुटल्या, मग मॅडम, मग पोरं, मग मी. पारावरची माणसं खिडकीत येऊन हसायला लागली. आक्का हसल्या नाहीत. त्यांना आपण विनोद केला हेच पटलं नव्हतं. "हसता काय? खरं तेच सांगितलं," म्हणाल्या, आणि त्यावर मात्र त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा वर गेला.

मी विचारलं, "मग आक्का, मी वाजवू का?"

"न्हाई. वर्षात वाजवायचं न्हाई म्हंजे न्हाई. टाळाला बी कातडं नसतंय."

मी पातेल्यापुढून उठलो. मॅडमकडं बघायची हिंमत होईना. आता घरी जाऊन काय, तर तेच.

आक्कांनी ओटी सोडली, कापसाचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या जागी बसल्या. मावशींच्या हातातली पळी ओढून घेतली.

"माझे तीन दिवस कवाच सरलेत," त्या म्हणाल्या. "मला कोण अडवतंय?"

मी तर विसरूनच गेलो होतो. लग्नाच्या हळदीला या दोघी बहिणी परात पालथी घालून वाजवायच्या, आणि माझ्या लग्नाच्या हळदीला असं वाजवलं होतं की माझ्याच बाजूचा बँड बंद पडला होता. आक्कांनी पळी मारली. ठण्ण! माझ्यापेक्षा जोरात. माझ्यापेक्षा जलद. पहिलीतलं ते पळपुटं पोरगं कान धरून बसलं, पण पळालं नाही.

"मग आबांनी काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"वाचायचं," आक्का म्हणाल्या. "वाचायला काय वर्षाची बंदी न्हाई. पोथी वाचतातच की लोकं. बसा पाव्हणं पोरांत."

मी पोरांत बसलो. गुडघे कानापर्यंत आले. फळ्यावरची शेळी मला पाठ होती, पण आक्का म्हणाल्या, पाठ नाही, बोट फिरवून वाचायचं. मॅडमनी लांब पट्टी हातात दिली. आता इंग्रजी शब्दातलं जोडाक्षर आलं की माझी गाडी अडते, आणि पोरांनी त्या शेळीच्या एसटीत नेमका कंडक्टर घातलेला. "शेळी. गेली. फाट्यावर." गेलं. "शेळी. बसली. एसटीवर." तेही गेलं. मग पट्टी कंडक्टरवर आली आणि मी "कं... कंड..." करत अडकलो. आक्का थांबल्या नाहीत. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. पोरं पुढं निघून गेली.

"आबा, रडू नका!" ती पोरगी ओरडली. "पुढची पकडा!"

मी "तिकीट"ला चढलो. "दाखव"ला नीट बसलो. आणि "खाल्लं की राव" सगळ्या वर्गाबरोबर एवढ्या मोठ्यानं म्हणालो की मॅडमनी डोळे पुसले, हसून की कशानं, मी विचारलं नाही.

शाळा सुटली तेव्हा पातेल्याला एका बाजूला पोचा पडला होता. मावशी आक्कांना काही बोलल्या नाहीत. माझ्यावर ओरडल्या.

घरी जाताना मी आणि आक्का वाटेनं भांडत गेलो. मी म्हणालो, तुमचा ठेका पळतो, पोरांची दमछाक होते. त्या म्हणाल्या, ठेका बरोबर हाय, तुमी वाचता म्हसरागत. मी म्हणालो, दुसरीपर्यंत शिकलेल्याकडून काय पाहिजे तुम्हाला? त्या म्हणाल्या, मी एक दिवस शाळेत न्हाई गेले, तरी तुमच्यासाठी पळी थांबवणार न्हाई. कापसाचं गाठोडं त्यांनी माझ्या डोक्यावर दिलं होतं. लोक ओट्यावरून बघायले होते. कुणीतरी ओरडलं, "काय हवालदार, चोर पकडला का?" आक्कांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

त्यांच्या दारात मी गाठोडं उतरवलं. आत त्यांची सून चहा ठेवायली होती. आक्का उंबऱ्यावर थांबल्या, केसांतला कापूस काढत म्हणाल्या, "उद्या जेवण लवकर उरका. अन तेवढा कंडक्टर बघून या."